तिथी बघून समुद्राकडे

नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी नोंदलेली आहे. दगड १९०७ सालचा. त्याच्या शेजारून दिवसभर गाड्या धावतात, पण समुद्र इथून सातआठशे किलोमीटर लांब असताना फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत ही उंची मोजली कुठून, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. ब्रिटिश सर्वेक्षकांनी कराची, मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशा नऊ बंदरांत भरतीमापक लावून वर्षानुवर्षं पाण्याच्या पातळीच्या नोंदी ठेवल्या, त्यांची सरासरी काढली आणि १९०९ साली देशभरच्या उंचीमोजणीसाठी ती पायरेषा म्हणून पक्की केली. समुद्रसपाटी ही अशी हिशेबातून निघालेली गोष्ट आहे. खरा समुद्र त्या रेषेवर थांबत नाही. दिवसातून चार वेळा ती ओलांडून जातो.

आम्हा नागपूरकरांचा समुद्राशी संबंधही तसा सरासरीचाच. फुटाळा तलावाच्या काठाला आम्ही चौपाटी म्हणतो, लग्न झालं की एकदा गोव्याला जाऊन येतो आणि मुंबईत मुक्काम पडला तर जुहूला भेळ खाऊन समुद्र पाहिल्याची नोंद करून टाकतो. पाहिलेला असतो भेळवाला; समुद्र त्याच्या पाठीमागे असतो. या प्रकरणात ज्या किनाऱ्यावर जायचं आहे तिथे भेळ नाही, घोडागाडी नाही, पॅराशूटला लटकणारी माणसं नाहीत. गाव केळशी, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी.

दापोली तालुक्याच्या वायव्य टोकाला भारजा नावाची लहानशी नदी समुद्राला मिळते. खाडीच्या पलीकडे मंडणगड तालुका, अलीकडे केळशी. जांभ्या दगडाची घरं, त्यांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, चैत्रात मोठा उत्सव भरवणारं महालक्ष्मीचं देऊळ, आणि ज्याच्याशी शिवाजी महाराजांचं नाव जोडलं जातं तो याकूबबाबांचा दर्गा. हे सगळं पाहण्यासारखंच आहे, पण त्याची माहिती कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत मिळेल. आपल्याला वाड्या संपतात तिथून पुढे जायचं आहे. पुढे काही अंतरात तीन वेगळ्या जमिनी एकमेकींना लागून आहेत: लाटांची सपाट पुळण, तिच्या मागची वाळूची टेकाडं आणि खाडीच्या अंगाला चिखलाचं खाजण. भारतात समुद्रकिनारे पुष्कळ आहेत. या तिन्ही गोष्टी चालत एका सकाळी पाहता येतील असे आता फार उरलेले नाहीत.

पुळणीवर उतरण्याआधी दोन्ही बाजूंचे खडक बघून घ्या. काळा बेसॉल्ट, त्याच्या माथ्यावर लाल जांभा. नागपूरकराला हा काळा दगड परका वाटायचं कारण नाही, कारण सीताबर्डीची टेकडी त्याचीच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार घडलं. नागपूर या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर बसलंय, केळशी पश्चिम कडेवर. त्या लाव्हाच्या काळात समुद्रही आपल्या आजच्या कल्पनेपेक्षा बराच आत होता, असं मानायला जागा आहे. छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचं गाव आहे. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात फोरॅमिनिफेरा या कवचधारी, एकपेशीय समुद्री जीवांचे अवशेष निघाले. त्यावरचा शोधनिबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्यांमध्ये नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे होते. समुद्राचा एखादा फाटा मध्य भारतात नेमका कोणत्या दिशेने शिरला, नर्मदेच्या की गोदावरीच्या, यावर वाद आहे. पण नागपुराहून छिंदवाड्याला जाताना आपण एका जुन्या खाडीच्या दिशेने जातो, एवढं म्हणायला हरकत नाही. हे सूक्ष्म जीव लक्षात ठेवा, पुढे त्यांचं पुन्हा काम पडणार आहे.

आता वाळू. मूठभर उचलून कागदावर पसरली की तिच्यात तीन-चार जातींचे कण दिसतात: शिंपल्यांचे पांढरे तुकडे, काचेसारखे पारदर्शक कण, तांबूस जांभ्याचे कण आणि काळे जड कण. कागदाखालून साधं लोहचुंबक फिरवलं तर काळ्यातले काही कण उभे राहून चालू लागतात, ते मॅग्नेटाइटचे. लाट परतताना हलकी वाळू ओढून नेते आणि जड कण मागे राहतात, म्हणून ओल्या पुळणीवर काळ्या नागमोडी रेघा उमटतात. पुष्कळांना ते प्रदूषण वाटतं. ती निवडण-पाखडण आहे, आणि समुद्र ती दिवसरात्र करत असतो.

पुळण वर्षभर एकसारखी नसते. जूनमध्ये मोठ्या लाटा सुरू झाल्या की वाळू किनाऱ्यावरून ओरबाडली जाते आणि काही अंतरावर पाण्याखाली तिचा बांध तयार होतो. लाटा त्या बांधावर फुटतात, म्हणजे समुद्राने उचललेली वाळूच पुढे समुद्राला अडवते. नवरात्र-दिवाळीच्या सुमारास लाटा मवाळ झाल्या की तीच वाळू थोडी थोडी परत येते. पावसाळ्यात अरुंद आणि उतरती झालेली पुळण माघात ऐसपैस होते. पावसाळ्याच्या शेवटी किनारा खचलेला बघून घाईघाईने दगडी बंधारा बांधायला निघालेल्या माणसांनी दोन महिने थांबून पाहायला हरकत नसते. दगडी भिंतीवर आपटून परतणारी लाट तिच्या पायथ्याची वाळू आणखी उकरते, आणि भिंतीच्या टोकापलीकडे शेजारच्या गावाची धूप सुरू होते. मग ते गावही भिंत मागतं.

कोकणात वाळूच्या टेकड्या राजस्थानसारख्या मोठ्या होत नाहीत, यालाही पाऊस कारण. सगळ्यात जोराचा वारा येतो तो पावसाला घेऊन, आणि ओली वाळू उडत नाही. टेकाडं बांधण्याचं काम उरलेल्या कोरड्या महिन्यांत, दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला करावं लागतं. ताशी वीसेक किलोमीटरच्या पुढे वारा गेला की कोरडे कण जमिनीलगत टुणटुण उड्या मारत निघतात. खाली पडणारा प्रत्येक कण आणखी दोन-चार कणांना उडवतो. फेब्रुवारीतल्या दुपारी पुळणीवर उघड्या पायांनी उभं राहिलं तर घोट्याशी बारीक टोचणी लागते. गुडघ्यापर्यंत मात्र ती क्वचितच येते, कारण बहुतेक वाळू घोट्याच्या उंचीवरूनच प्रवास करते.

या धावत्या वाळूला थांबवायला फार काही लागत नाही. भरतीने टाकलेलं नारळाचं सोडण, एखादा ओंडका, जाळ्याचा तुटका तुकडा पुरतो. त्याच्या आडोशाला वारा मंदावतो, वाळू बसते आणि वीतभर लांबीची शेपटी तयार होते. त्यात मर्यादवेल रुजते. आपट्यासारखं दुभंगलेलं जाड पान, जांभळी फुलं आणि दोरखंडासारखी लांबच लांब धावणारी वेल. वाळूखाली गाडली गेली की बहुतेक झाडं मरतात. ही गाडली गेली की प्रत्येक पेराशी मुळं सोडते आणि डोकं वर काढते. पुन्हा वाळू, पुन्हा मुळं. थोडी वेल अलगद उचलून पाहिली (पाहावी आणि लगेच ठेवावी) तर प्रत्येक पेरातून मुळांचा झुपका वाळूत उतरलेला दिसतो. तिच्या जोडीला स्पिनिफेक्स नावाचं काटेरी गवत असतं. त्याला दक्षिणेत रावणाच्या मिशा म्हणतात. त्याची बियांची गोल, टोकदार डोकी सुटून वाऱ्याबरोबर पुळणीवर गरगरत जातात आणि जिथे अडकतात तिथे नवं टेकाड धरू लागतात. मागच्या बाजूला, जिथे वाळू जरा स्थिर झाली, तिथे केवडा, निर्गुंडी, उंडी.

आणि सुरू. कोकणच्या पुळणीवर सुरूचं बन नसेल तर छायाचित्र पुरं होत नाही, अशी आपली समजूत. सुरू मुळात ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा. वाळू धरून ठेवायला आणि वारा अडवायला लोकांनी तो लावला, सावली झाली, सरपण मिळालं, हे सगळं खरं. पण त्याच्या सुयांच्या जाड थराखाली दुसरं फारसं काही रुजत नाही आणि मर्यादवेलीला ऊन मिळत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा दापोली-मंडणगडात सुरूची, नारळाची, पोफळीची झाडं मोठ्या संख्येने आडवी झाली. वेली जागच्या जागी राहिल्या. वारा अडवायचा असेल तर उंच गोष्ट लावावी असं माणसाला वाटतं. वाळूचं मत वेगळं आहे.

टेकाडाचा एक उपयोग गावकऱ्यांना रोज होतो आणि पाहुण्यांना तो दिसत नाही: गोडं पाणी. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या वाडीतल्या विहिरीचं पाणी गोड कसं, याचं विदर्भातल्या माणसाला जरा जास्तच नवल वाटावं. आमच्याकडे अमरावती, अकोला, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यात समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. इकडे लाटांचा आवाज येतो त्या अंगणात गोडं पाणी. वाळूत पावसाचं पाणी मुरतं, आणि खारं पाणी जड असल्यामुळे गोडं पाणी त्याच्यावर तरंगत राहतं. हिशेबही ठरलेला आहे. समुद्रपातळीच्या वर हातभर गोडं पाणी साठलं असेल, तर खाली सुमारे चाळीस हात गोडं पाणी असतं. बादोन गायबेन हा डच अभियंता आणि जर्मनीतला हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या सांध्यावर, स्वतंत्रपणे, हे गणित मांडलं. डच लोकांना त्याचा व्यवहार आधीच कळला होता: अॅमस्टरडॅम शहराला १८५३ पासून वाळूच्या टेकड्यांमधलं पाणी पुरवलं जात आलंय. गणित उलटंही चालतं. टेकाडातली वाळू उपसली किंवा विहिरीला मोठी मोटर लावली आणि वरचं पाणी हातभर खाली गेलं, की खालून खारं पाणी चाळीस हात वर सरकतं.

केळशीचं खरं नवल गावाच्या उत्तरेला, खाडीच्या मुखाशी आहे. इथली वाळूची टेकडी नेहमीच्या टेकाडांत बसत नाही. संशोधकांनी अभ्यासली तेव्हा ती अठरा मीटरच्या आसपास उंच होती. कोकणच्या वाऱ्याचा वकूब आपण पाहिला. एवढा ढीग तो कसा घालील? पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी या टेकडीचा बराच काळ अभ्यास केला. वाळूच्या थरांमध्ये त्यांना वस्तीच्या खुणा मिळाल्या: भांड्यांची खापरं, बहमनी काळातली नाणी. इथे माणसं राहत होती आणि त्यांच्यावर वाळू आली. मराठे यांनी त्याचा संबंध १५२४ सालच्या त्सुनामीशी लावला.

१५२४ सालची हकिकत पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवली आहे. वास्को द गामा तिसऱ्यांदा भारतात येत होता, या वेळी व्हाइसरॉय होऊन. त्याचं आरमार दाभोळच्या परिसरात आलं असताना वारा नसतानाच जहाजं हादरू लागली. खलाशी घाबरले. गामाने त्यांना धीर दिला तो मोठ्या ऐटीत: समुद्रच आपल्याला पाहून कापतोय, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. तो भूकंप होता. दाभोळ आजच्या दापोली तालुक्याच्याच दक्षिण टोकाला, वाशिष्ठीच्या मुखाशी आहे. गामा त्याच वर्षी डिसेंबरात कोचीला वारला.

आता प्रश्न असा, की वाऱ्याने आणलेली वाळू आणि समुद्राने एका झपाट्यात आणून टाकलेली वाळू ओळखायची कशी? वारा चोखंदळ असतो. तो एका मापाचे बारीक कण उचलतो, बाकीचं सोडून देतो. समुद्राचा लोंढा हातात येईल ते आणतो: भरड वाळू, गोटे, तुटके शिंपले, खोल पाण्यातले जीव. म्हणून भूवैज्ञानिक अशा थरात पहिल्यांदा शोधतात ते फोरॅमिनिफेरा, झिलमिलीच्या गाळात निघाले तसलेच. सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली केळशीचा पुन्हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी या घटनेला ‘अनाथ त्सुनामी’ म्हटलं, कारण लाटेची खूण इथे आहे पण तिचा जन्मदाता भूकंप नेमका कुठला ते ठरत नाही. संशयित एक आहे: अरबी समुद्राच्या उत्तरेचा मकरान किनारा. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी तिथे भूकंप झाला तेव्हा लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या आणि मुंबईत माणसंही दगावली होती. टेकडीतली सगळी वाळू लाटेचीच, असं कुणी समजू नये. वाऱ्यानेही तिच्यावर शतकानुशतकं भर घातलीच असणार. माझ्यापुरतं मी एवढंच म्हणेन, की पाचशे वर्षांपूर्वीच्या कोकणचं असं दप्तर दुसरं नाही, आणि ते उघड्यावर पडलंय. टेकडीच्या उतारावरून घसरगुंडी खेळणाऱ्या पोरांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

टेकडीवरून खाडीकडे पाहिलं की रंग बदलतो. पुळणीचा पिवळा संपून करडा-हिरवा सुरू होतो. हे खाजण. युरोपात अशा जागी गवताळ खारी दलदल असते. नेदरलँड्स, जर्मनी, डेन्मार्कच्या किनाऱ्यावरचा वाडन समुद्र त्यासाठीच प्रसिद्ध आहे, २००९ पासून त्याचा बराच भाग जागतिक वारसा आहे. आपल्या उष्ण किनाऱ्यावर थंडीचा अडसर नसल्यामुळे तीच जागा झाडांनी, म्हणजे खारफुटीने, पटकावली. गवतं आणि मांसल पानांच्या खुरट्या वनस्पती मागे सरकल्या, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं आणि उन्हाने ते आटून माती समुद्रापेक्षाही खारट होते. तिथे मोरस उगवते. बोटभर उंचीच्या फांद्या, दाणेदार रसरशीत पानं, उन्हाळ्यात लालसर झाक. रायगड-ठाण्याकडच्या आगरी-कोळी घरांत तिची भाजी होते. उकळून पाणी फेकून द्यायचं आणि मीठ घालायचं नाही, एवढं पथ्य.

पाण्याच्या जवळ तिवर आणि पांढरी चिप्पी. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. या झाडांभोवती चिखलातून बोटांसारखी शेकडो मुळं वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं श्वासासाठी वर येतात. तिवराचं एखादं जून पान उलटसुलट करून उन्हात धरा. पृष्ठभागावर बारीक चमचमणारे कण दिसतील. बोट फिरवून जिभेला लावा: मीठ. बहुतेक मीठ हे झाड मुळाशीच अडवतं, तरी जे आत येतं ते पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. सकाळी दवात ते विरघळतं, दुपारपर्यंत पुन्हा दिसू लागतं. कांदळाची रीत निराळी. त्याचं बी झाडावरच रुजतं आणि हातभर लांब हिरवा कोंब लोंबत राहतो. सुटला की कधी खालच्या चिखलात रुततो, कधी भरतीबरोबर दुसऱ्या खाडीला जातो.

खाजणाला वास येतो. सडक्या अंड्याचा. नाकाला रुमाल लावून ‘इथे गटार सोडलंय’ असं म्हणणारे पाहुणे मी ऐकले आहेत. हवा नसलेल्या चिखलात जगणारे जीवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, त्याचा हा वास. ज्या कारणाने हा वास येतो त्याच कारणाने इथली पडलेली पानं आणि मेलेली मुळं पुरती कुजत नाहीत, त्यांतला कार्बन शतकानुशतकं चिखलात गाडलेला राहतो. हवामानबदलाची चर्चा सुरू झाल्यापासून जगभर खाजणांना जो भाव आलाय तो यामुळे.

ओहोटीला चिखलावर नजर स्थिर ठेवून दोन-तीन मिनिटं हालचाल न करता उभं राहावं लागतं. मग चिखलच हलू लागतो. एक नांगा अंगाएवढा असलेले नर खेकडे बिळाच्या तोंडाशी येऊन तो वरखाली हलवतात. माद्यांसाठी आमंत्रण, शेजाऱ्यासाठी दम. निवट्या कल्ल्यांत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत चिखलावरून उड्या मारतात. हे मासे पाण्याबाहेर आरामात असतात, आणि पाणी चढू लागलं की काही जण मुळांवर चढून बसतात. हिवाळ्यात मध्य आशियातून, सायबेरियाकडून आलेले तुतारी आणि चिखल्या चोची खुपसत फिरतात. ज्याची चोच जेवढी लांब तेवढं त्याचं ताट खोल, म्हणून एकाच चिखलावर पाच जातींचे पक्षी न भांडता जेवतात. ओहोटीच्या त्याच तासात गावातल्या बायका तिसऱ्या आणि कालवं काढायला उतरलेल्या असतात. त्यांना वाट विचारावी. चिखल कुठे गुडघाभर आणि कुठे कंबरभर, हे कुठल्याही नकाशात नसतं.

माणसाने खाजणाशी केलेला व्यवहार जुना आहे. बांध घालायचा, त्यात उघाडी म्हणजे पाण्याचं दार ठेवायचं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला दार मिटलं की खारं पाणी बाहेर राहतं. पावसाने माती धुऊन निघाली की भात. काळा राता, भुरा राता अशा खारटपणा सोसणाऱ्या जाती त्यासाठीच टिकवल्या गेल्या. गोव्यातल्या खाजन शेतीतही हीच युक्ती, तिथे दाराला मानस म्हणतात. बांध सांभाळणारे हात मुंबईला गेले आणि कोकणात अनेक ठिकाणी बांध फुटले. आत पुन्हा तिवरं उभी राहिली. सरकारी कागदावर ती जमीन शेती, भरतीच्या दृष्टीने खाडी.

कागदावर हा सगळा पट्टा सुरक्षित आहे. १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना निघाली, २०११ आणि २०१९ साली नवी आली. वाळूच्या टेकड्या, खाऱ्या दलदली, कांदळवनं, कासवांच्या विणीच्या जागा यांना त्यात सर्वांत कडक संरक्षणाचा दर्जा आहे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी घातली आणि २०१२ पासून वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. कांदळवनाचं त्यामुळे भलं झालं, हे मान्य केलंच पाहिजे. वाळूच्या टेकाडांचं मात्र तसं झालेलं दिसत नाही. त्यांच्याकडे झाडं नाहीत, म्हणून ती तोडली गेल्याचं कुणाला दिसत नाही. सपाट केलेलं टेकाड हे लोकांच्या लेखी ‘मोकळा प्लॉट’ असतं. रिसॉर्टची भिंत थेट पुळणीवर येते आणि पुळणीला, टेकाडाला मागे सरकायची वाटच बंद होते. समुद्राची पातळी वाढते आहे. वाळू आणि खाजण दोन्ही तिच्याबरोबर मागे आणि वर सरकू शकतात, हजारो वर्षं सरकत आलेत. अट एकच, मागे जागा हवी. माझ्या मते कोकण किनाऱ्याचा आजचा मुख्य प्रश्न कचरा हा नाही. कचरा उचलता येतो. भिंत उचलता येत नाही.

वाळूवर गाड्या नेणाऱ्यांबद्दल थोडं लिहायलाच हवं. मर्यादवेलीवरून चार चाकं गेली की पेरं तुटतात आणि वाळू सुटते. ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबर ते मार्च या काळात भरतीरेषेच्या वर, टेकाडाच्या पायथ्याशी अंडी घालतात, केळशीतही घालतात. पिल्लं साधारण पन्नास दिवसांनी निघतात आणि उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्राच्या बाजूचं आकाश किंचित उजळ असतं, तेवढ्यावर त्यांचा भरवसा. हॅलोजन लावला की ती हॉटेलकडे जातात. शेजारच्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली. तिथल्या कासव महोत्सवाबद्दल एवढं लिहून आलंय की इथे पुन्हा नको.

आता जायचं कधी. समुद्राला भेट देताना आपण सुट्ट्या बघतो. बघायची असते तिथी. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना आडाखा असा: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याला पाऊणाने गुणावं, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा: सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर नागपुरात बसून एवढं गणित करता येतं. त्यातून निघतं ते असं: अष्टमी-नवमीला गेलात तर ओहोटी भर दुपारी, त्यात भांगाची, म्हणजे पाणी फारसं चढतही नाही आणि फारसं उतरतही नाही. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढचे दोन दिवस उधाणाचे. पहाटे ओहोटी, पुळण लांबलचक उघडी, तिच्यावर रात्री कोण कोण चालून गेलं त्याच्या खुणा ताज्या. दुपारी खाजणात पाणी मोरसेपर्यंत चढतं. संध्याकाळी पुन्हा ओहोटी आणि चिखलावर पक्षी. एकाच दिवसात सगळं पाहून होतं, फक्त गाव बदलत हिंडायचं नाही.

महिने कार्तिक ते माघ. नागपुराहून मुंबई, तिथून कोकण रेल्वेने खेड, खेडहून दापोली आणि तिथून केळशीची एसटी. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झालाय, तेव्हा ७०१ किलोमीटर त्याच्यावरूनही जाता येईल. गाडी मात्र वाडीतच ठेवावी, पुळणीवर आणू नये. सोबत दुर्बीण, लोहचुंबक, चिखलात निघणार नाहीत अशा पट्ट्याच्या चपला. रात्री पुळणीवर गेलात तर टॉर्च बंद. टेकडीतून खापराचा तुकडा वर आलेला दिसला तर तो उचलू नका; तो ज्या थरात आहे तिथेच त्याला किंमत आहे. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, म्हणून आधी पंचांगात पौर्णिमा शोधा आणि मगच तारीख धरा.